कार्बन क्रेडिट हवंय? मग या चुका टाळा

मी कार्बन क्रेडिटचा सल्लागार. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : "साहेब, वर्षाला किती क्रेडिट बसतील?" माझाही उलट प्रश्न ठरलेला : टर्बाइनची ऑर्डर दिलीत का? पलीकडून "कधीच! मशीन निघालंसुद्धा" असं आलं की मी कपाळाला हात लावतो.

एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण ते नुसता प्रकल्प उभारला म्हणून मिळत नाही. क्रेडिटच्या पैशाशिवाय जो उभाच राहिला नसता, त्याला मिळतं. ॲडिशनॅलिटी ती हीच. क्रेडिटचा विचार आधीपासून होता हे दिसावं, म्हणून क्योटो कराराच्या सीडीएममध्ये (विकसनशील देशांतल्या प्रकल्पांना क्रेडिट देणाऱ्या योजनेत) नियमच होता : काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दिल्लीतल्या सीडीएम प्राधिकरणाला आणि यूएनएफसीसीसीला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कार्यालयाला, कळवायचं. आणि सुरुवात धरायची ती ऑर्डरच्या तारखेपासून, नारळ फोडल्यापासून नव्हे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा बगॅसवरचा (उसाच्या चिपाडावरचा) सहवीज प्रकल्प होता. फाईल देखणी. क्रेडिटशिवाय परतावा बसत नाही, हे एक्सेलमध्ये चोख दाखवलेलं. व्हॅलिडेटरनं, म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या बाहेरच्या संस्थेनं, सहज म्हणून वार्षिक अहवाल मागितला. त्यात अध्यक्षांचं मनोगत : सहवीज पहिल्या हंगामापासून भरघोस नफा देणार, सभासदांनी निश्चिंत राहावं! एक्सेलमध्ये बगॅस बाजारभावानं विकत घेतलेला, अहवालात तोच 'घरचा'. व्हॅलिडेटरच्या टीममध्ये मराठी वाचणारा माणूस होता, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फाईल तिथंच अडकली ती अडकलीच.

तेव्हापासून मी एक्सेल सगळ्यात शेवटी उघडतो. आधी वार्षिक अहवाल, संचालक मंडळाचे ठराव आणि बँकेची कर्जमंजुरीची टिपणी. तिन्ही एका सुरात बोलत नसतील तर काम घेत नाही. घाई असलेल्यांना हे पटत नाही. ते दुसरा सल्लागार गाठतात.

दुसऱ्या प्रकल्पाचा आराखडा वेबसाइटवरून उतरवून नाव बदलू नका. जिल्हा बदलायचा राहतोच.

ग्रिडचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे ग्रिडच्या एका युनिट विजेमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो तो आकडा, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या डेटाबेसमधूनच घ्या.

विजेच्या एकाच युनिटवर आरईसी (अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र) आणि कार्बन क्रेडिट, दोन्ही लाटायला जाऊ नका.

मीटरकडे मात्र कोणी बघतच नाही. कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटरच्या अचूकतेच्या तपासणीची, तारीख उलटली की तेवढ्या काळाच्या आकड्यांना मीटरची कमाल त्रुटी लावून क्रेडिट कापतात. पावसाळ्यात मीटर जळतो, वायरमन नवा बसवतो, आणि जुन्याचं शेवटचं रीडिंग कुणाकडेच नसतं. मी दोन्ही मीटरच्या नंबरप्लेटचा फोटो आणि सहीनिशी रीडिंग बांधीव रजिस्टरात लावून घेतो. सुट्या कागदावर माझा विश्वास नाही.

भावाचं म्हणाल, तर २००८ मध्ये सीडीएमचं क्रेडिट २० युरोच्या वर गेलं होतं. २०१२ संपता संपता एका युरोच्याही खाली आलं. २०१३ पासून युरोपनं नवे प्रकल्प फक्त अल्पविकसित देशांचेच घ्यायचं ठरवलं. ऐच्छिक बाजारासाठी क्रेडिट देणारी व्हेरा ही संस्थाही आपल्याकडचे ग्रिडला जोडलेले नवे पवन-सौर प्रकल्प घेत नाही. तरी 'सोलर टाका, क्रेडिट घ्या' म्हणणारे एजंट फिरताहेतच.

आता पॅरिस कराराचं कलम ६ आलंय, देशादेशांतल्या क्रेडिटच्या व्यवहाराचं. परदेशी सरकारला तुमचं क्रेडिट स्वतःच्या उद्दिष्टात धरायचं असेल, तर आधी भारत सरकारची अधिकृत मंजुरी लागते आणि तेवढी उत्सर्जन-कपात भारताच्या हिशेबातून वजा होते. ब्रोकर "ते नंतर बघू" म्हणाला, तर मंजुरी कोण आणणार आणि नाही आली तर नुकसान कोणाचं, हे ॲडव्हान्स घेण्याआधी करारात लिहून घ्या.