दुष्काळात घराचा पाया कसा सांभाळायचा?

पाऊस दडी मारून बसला की आपण पिण्याच्या पाण्याची काळजी करतो, झाडांची करतो, पण घराखालची मातीपण वाळतेय हे लवकर लक्षात येत नाही. मग एक दिवस दार चौकटीत अडकायला लागतं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि सगळं खापर बांधकामावर फुटतं. बऱ्याचदा कारण खाली मातीत असतं. चिकणमाती, त्यातही काळी माती, पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. सगळीकडे सारखी आकसली तर घराला फारसं काही होत नाही, पण बाहेरच्या कडेची माती आधी वाळते आणि घराच्या मधोमध खालची ओलीच राहते, मग कडेचा पाया खाली बसतो, मधला जागेवर राहतो आणि या ओढाताणीत भिंत फाटते. इंग्लंडमध्ये १९७६ च्या दुष्काळात चिकणमातीवरच्या असंख्य घरांचं हेच झालं होतं. त्यामुळे आपल्याला भरपूर पाणी ओतायचं नाहीये, ओल चारी बाजूंनी सारखी ठेवायचीय.

पहिलं काम, माती ओळखा. जोत्याजवळ वीतभर खणून मूठभर माती घ्या, थोडं पाणी घालून मळा आणि तळहातावर घासून वळी करा. साधारण ३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड वळी न तुटता होत असेल तर माती चिकण आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. वळी होतच नसेल, माती वाळूसारखी सुटत असेल किंवा पाया मुरूम-खडकावर बसलेला असेल तर फार टेन्शन घेऊ नका, गळती तेवढी बघून घ्या.

गळतीचं काम मात्र सगळ्यांनी करायचंच. दुष्काळात सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे तीन बाजू ठणठणीत कोरड्या आणि चौथ्या बाजूला बाथरूमचं चेंबर पाझरतंय. माती हलली की जमिनीतल्या पाइपचे जॉइंट सुटतात, त्यातून ती बाजू अजून भिजते आणि फरक वाढत जातो. घरातले सगळे नळ बंद करा, टाकी भरायची थांबवा आणि तासभर मीटर बघा, काटा हलला तर कुठेतरी लिकेज आहे. टाकीचा ओव्हरफ्लो आणि कूलरचं पाणी जोत्याशी पडत असेल तर तेही आधी लांब काढा.

आता पाणी देणं. माती आणि जोतं यांच्यामध्ये फट पडलेली दिसली की लोक सरळ त्या फटीत पाइप सोडतात, हे अजिबात करू नका. ते पाणी फटीतून थेट पायाच्या तळाशी जातं आणि तिथली माती एकाच जागी मऊ होते. ठिबकची नळी घ्या, भिंतीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर लांब ठेवून घराला पूर्ण वेढा द्या आणि संध्याकाळी हळूहळू पाणी सोडा. किती वेळ सोडायचं हे मातीवर अवलंबून आहे, म्हणून घड्याळापेक्षा सळईवर भरवसा ठेवा: चारी बाजूंना एक बारीक सळई हाताने दाबून बघा, १०-१५ सेंटिमीटर सहज गेली तर पुरे, चिखल झाला किंवा पाणी साचलं तर जास्त होतंय. दुपारचं ऊन लागणारी बाजू लवकर वाळते, तिला थोडं जास्त लागेल. आणि ही सुरुवात माती फाटायच्या आधी करायची असते, पार फाटल्यावर एकदम भिजवली तर तीच माती फुगून पाया वर उचलते.

पिण्याचं पाणी यासाठी वापरू नका, टंचाईत ते बरोबर नाही. भाज्या-तांदूळ धुतलेलं, एसीचं, आंघोळीचं पाणी चालतं. हेही पुरत नसेल तर असलेली ओल झाका, भिंतीभोवती मीटरभर रुंदीच्या पट्ट्यात ५-७ सेंटिमीटर पाचोळ्याचा थर टाका. वाळवी येत असेल तर पाचोळ्याऐवजी खडी टाका आणि काही झालं तरी थर भिंतीला टेकू देऊ नका.

झाडांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे घाईत निर्णय होतात. मोठं झाड दुष्काळात लांबवर मुळं पसरून पाणी ओढतं, त्यात पायाखालचंही आलं, हे खरं. पण म्हणून घराला लागून असलेलं जुनं झाड तोडून मोकळं व्हायचं नाही. वर्षानुवर्षं झाड जे पाणी ओढत होतं ते आता मातीतच राहतं आणि माती पुढची कितीतरी वर्षं फुगत राहते. त्यापेक्षा फांद्या छाटून पसारा कमी करा आणि झाडाला पाणी घराच्या विरुद्ध बाजूला द्या. नवीन झाड लावताना ते पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल साधारण तेवढं अंतर घरापासून सोडा.

भेगा आधीच पडल्या असतील तर लगेच प्लास्टर करून झाकू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, मधोमध काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा, काच तडकली म्हणजे भिंत अजून हलतेय. केसाएवढ्या भेगा पावसानंतर बऱ्याच मिटतात, त्यामुळे एक पावसाळा जाऊ द्या. पण भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, भिंतीच्या आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसत असेल, फरशीला उतार आला असेल किंवा कॉलमलाच तडा असेल तर वाट बघायची नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. नुसत्या मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

आणि पाऊस यायच्या आधी जोत्याभोवतीचे खड्डे भरून घ्या, घरापासून ३ मीटरमध्ये निदान १५ सेंटिमीटर उतार बाहेरच्या दिशेने मिळाला पाहिजे. भराव आजूबाजूच्या मातीचाच करा आणि नीट ठोकून बसवा, वाळू घातली तर पहिल्याच पावसाचं पाणी तिच्यातून सरळ पायाशी उतरेल.