बाप-लेकाचा समेट लिहायचाय? सीमाभागातली गोष्ट अशी लिहा

पहिलं म्हणजे दोघांना लगेच मिठी मारायला लावू नका, आपल्याकडचे बाप तसं करत नाहीत. आधी भांडण कशावरनं ते पक्कं करा. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं तेव्हा आबा, म्हणजे गोष्टीतला बाप, ऐन तरुण, दरवर्षी १ नोव्हेंबरला त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालणारे, आणि पोरगा कन्नड शिकून सरकारी नोकरीला लागला, झालं, तेव्हापासनं जेवणापुरतं बोलणं. गोष्ट १९९० च्या आसपास ठेवा म्हणजे आबा, पोरगा आणि नातू तिघांची वयं जुळतात. चूक कुणाचीच नाही असं लिहायचं, आणि खरं सांगते हेच सगळ्यात अवघड आहे.

नातवाला भाषण देऊ नका, काम द्या. शेताचा उतारा कन्नडमध्ये, आबांना वाचता येत नाही, नातू म्हणतो, "आबा, पप्पांना विचारा की." मग रात्री पोरगा ओळीनओळ मराठीत सांगतो आणि आबा फक्त "परत वाच" म्हणतात. हा सीन सावकाश लिहा, चष्मा, कागदावरनं सरकणारं बोट, घडी, सगळं येऊ दे. माफी हा शब्द कुठंच नको, कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या मिठाईचा, बॉक्सपण नको. आबा स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी पोराच्या ताटात ठेवतात, तिथंच थांबा.