फोस्टर करायचं का? हो म्हणायच्या आधी हे बघा

शेल्टरमधलं कुत्रं किंवा मांजर काही आठवडे घरी सांभाळायचं म्हटलं की लोक आधी स्वतःला विचारतात, आपल्याला तेवढी माया आहे का. माया असतेच हो, नाहीतर हा विषय डोक्यात आलाच नसता. खरं बघायचं ते रोजचा दिवस कसा जातो, आणि दार लावून घेता येईल अशी एखादी खोली रिकामी आहे का. मांजर असेल तर बाथरूम पण चालतं.

खोली कशाला, तर नवीन आलेल्याच्या अंगात काही आजार आहे का ते पहिल्या दिवशी कळतच नाही. पार्व्हो म्हणजे उलट्या-जुलाब करणारा जीवघेणा व्हायरस, त्याची लक्षणं दिसायला 3 ते 7 दिवस जातात, कधीकधी 14 पण, म्हणून घरात आधीचं कुत्रं-मांजर असेल तर निदान दोन आठवडे दोघांना समोरासमोर आणायचं नाही, भांडी वेगळी, आणि हात धुतल्याशिवाय इकडून तिकडे जायचं नाही. हा व्हायरस फरशीवर, अंथरुणात महिनोन्‌महिने राहतो. तुमच्याकडे लसी पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर माझ्या मते सध्या सरळ नाही म्हणा, ते मोठं होऊ दे.

मग वेळ. आई नसलेली, चार आठवड्यांच्या आतली मांजराची पिल्लं बघून जीव विरघळतो पण त्यांना दर 2 ते 4 तासांनी पाजावं लागतं, रात्री सुद्धा, आणि गाईचं दूध नाही, मिल्क रिप्लेसर, म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेलं आईच्या दुधासारखं दूध. पाजताना पोटावर पालथं ठेवायचं, उताणं केलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना शी-सू आपली आपण करता येत नाही, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसून करवावी लागते. दिवसभर घराबाहेर असाल तर हे नको, शांत मोठं जनावर मागा, त्यांना घर मिळणं तसंही अवघड असतं.

माझ्याकडे आलेली पहिली कुत्री मोठीच होती. दोन दिवस सोफ्यामागून बाहेर आली नाही, खाणं तसंच. मी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर वाचत बसायचे, बोलवायचं नाही, डोळ्यात बघायचं नाही. तिसऱ्या रात्री अंधारात पाणी पिण्याचा लप लप आवाज आला आणि मी श्वास रोखून पडून राहिले. असे दोन-चार दिवस काहीही न करता नुसतं बसणं जमेल का, हे स्वतःला नक्की विचारा. (मांजर मात्र एक दिवस काहीच खात नसेल तर वाट बघत बसू नका, लगेच शेल्टरला कळवा, उपाशी राहिलं की त्यांच्या लिव्हरवर येतं.)

घरातल्या प्रत्येकाचा होकार हवा, भाड्याचं घर असेल तर मालकाचा पण. कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर आधी शेल्टरमध्ये जाऊन तासभर बसून बघा.

शेल्टरला विचारायचं ते स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या: डॉक्टरचा खर्च कुणाचा, रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला करायचा, किती दिवसांसाठी, मधेच जमलं नाही तर परत घेणार का, आधी कुणाला चावलंय का. उत्तरं गोलगोल आली तर दुसरं शेल्टर बघा.

आणि ते एक दिवस कायमच्या घरी जाणार, हे धरून चला. रडू येतंच. अगदीच धाकधूक असेल तर आधी फक्त शनिवार-रविवारसाठी आणा, बरीच शेल्टर देतात. ती कुत्री गेली तेव्हा मी तिच्यासोबत एक वही दिली होती, कशाला घाबरते, कुठे खाजवलेलं आवडतं, सगळं लिहून, आणि तिची चादर, मुद्दाम न धुतलेली.