आईबाबांसाठी मेडिकेअर निवडण्याआधी

अमेरिकेत आईबाबांची पासष्टी जवळ आली, किंवा नंतर आले असतील तर ग्रीन कार्डावरची सलग पाच वर्षं भरत आली, की मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) निवडण्याआधी औषधांचा डबा काढा. प्रत्येक गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, सगळं कागदावर उतरवा. आमच्या आईच्या डब्यात पुण्याहून आणलेल्या दोन पट्ट्या निघाल्या. ब्रँडचं नाव इथे कुणाला कळेना, पट्टीमागचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचून औषध सापडलं.

मग डॉक्टरांकडे फोन. ‘मेडिकेअर घेता का’ एवढं विचारून भागत नाही, प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. मूळ, म्हणजे थेट सरकारी, मेडिकेअरमध्ये ते घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर चालतो, पण पार्ट बीच्या (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या) खर्चातले साधारण 20 टक्के आपल्या माथी आणि त्याला वरची मर्यादा नाही. म्हणून मेडिगॅप (हा उरलेला वाटा उचलणारा खाजगी पूरक विमा) आणि औषधांसाठी पार्ट डी वेगळे घ्यावे लागतात. दुसरा पर्याय ॲडव्हान्टेज, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीचा प्लॅन. त्यात हप्ता बहुधा कमी, दात-चष्माही असतो आणि खर्चाला मर्यादा असते (2025 साली नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांत, जास्तीत जास्त 9,350 डॉलर). पण डॉक्टर बहुधा नेटवर्कमधलेच, आणि बऱ्याच उपचारांना आधी कंपनीची मंजुरी. खुब्याचं हाड मोडलं तर पुनर्वसन केंद्रात किती दिवस मंजूर होतात, हे आत्ताच विचारून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा: पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यापासूनचे सहा महिने. तेवढ्यात मेडिगॅप कंपनी मधुमेह किंवा हृदयविकार असला तरी नाही म्हणू शकत नाही. ‘आत्ता ॲडव्हान्टेज घेऊ, पुढे बदलू’ असं बरेच जण म्हणतात, तिथे माझा जीव खालीवर होतो. पासष्टीला पहिल्यांदाच घेतलं असेल तर वर्षभरात परतता येतं. नंतरही 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबरमध्ये मूळ मेडिकेअरकडे येता येतं, पण बहुतेक राज्यांत मेडिगॅप तेव्हा आजार बघून नाकारला जाऊ शकतो.

भारतवारीचंही बघा. मूळ मेडिकेअर तिथे जवळजवळ चालतच नाही. मेडिगॅपचे जी, एनसारखे प्लॅन प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांतली तातडीची गरज भागवतात: 250 डॉलर आपले, पुढचे 80 टक्के त्यांचे, आयुष्यभरात 50,000 डॉलरपर्यंत. तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी वेगळा विमा हवाच.

प्रत्येक राज्यात ‘शिप’ या सरकारी मेडिकेअर-सल्ला योजनेचे समुपदेशक फुकट सल्ला देतात. भेटीची वेळ घ्या, आईबाबांना सोबत न्या. ग्रीन कार्ड, मेडिकेअर कार्ड आणि तो औषधांचा कागद पिशवीत आदल्या रात्रीच टाका.