वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटी? एकदा एच. पायलोरी तपासून घ्या

आपल्याकडं पोट जळलं की ठेच्याला शिव्या द्यायच्या अन् मेडिकलवरून पॅन्टोप्राझोल आणायची, झालं. पण कित्येकांच्या जठरात एच. पायलोरी नावाचा जीवाणू लहानपणापासूनच गपचूप बसलेला असतो, अल्सरचं मोठं कारण तोच. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मधे हा जंतू स्वतः पिऊन दाखवला होता (तुम्ही नका करू!), पुढं 2005 ला नोबेल मिळालं.

डॉक्टरला विचारून श्वासाची टेस्ट नाहीतर संडासची अँटिजेन टेस्ट करा, लातूर-संभाजीनगरला मोठ्या लॅबमधे चौकशी करा. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट जुनं इन्फेक्शन गेलं तरी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळं तिच्यावर माझा भरवसा नाही. आता खरी गोम, टेस्टच्या आधी 2 आठवडे अ‍ॅसिडिटीची गोळी अन् 4 आठवडे अँटिबायोटिक बंद पाहिजे नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, पण गोळ्या मनानं बंद करू नका, आधी विचारा.

निघालाच तर साधारण 14 दिवसांचा कोर्स असतो, तोंड कडू पडतं, मळमळतं, तरी अर्ध्यात सोडायचा नाही. संपल्यावर 4 आठवड्यांनी परत टेस्ट.

काळी संडास, वजन उतरणं, घास अडकणं असलं काही असेल तर टेस्टच्या नादी न लागता थेट डॉक्टर गाठा, दुर्बिणीची तपासणी लागू शकते.

अन् हो, प्रत्येक जुनाट दुखण्यामागं जंतूच असतो असं नाही. हार्टच्या आजारात क्लॅमिडिया न्यूमोनिये नावाच्या जीवाणूवर संशय होता, मोठ्या ट्रायलमधे अँटिबायोटिकचा फायदा दिसला नाही.