जलपाशातून नाव वर कशी चढवावी आणि खाली कशी उतरवावी

जलपाश (लॉक) म्हणजे कालव्याची पातळी बदलते तिथे नाव वर-खाली नेणारे, दोन्ही टोकांना दारे असलेले कुंड. त्यात पंप नसतो. इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर पंधरा-वीस टनांची नाव दोन-अडीच मीटर वर चढते ती केवळ वरच्या अंगाने सोडलेल्या पाण्यावर. दारे आणि झडपा चालवायला दोन माणसे पुरतात. काम ताकदीचे कमी आणि क्रम पाळण्याचे जास्त आहे. जलपाशात नावा बुडतात, त्या बहुतेक वेळा घाईमुळे.

आधी रचना समजून घ्या. दगडी किंवा विटांच्या दोन भिंतींमध्ये जेमतेम 22 मीटर लांब आणि 2.1 मीटर रुंद कुंड असते. त्याच्या दोन्ही टोकांना ओक लाकडाची दारे असतात आणि प्रत्येक दाराला ढकलण्यासाठी लांब, जाड आडवा दांडा असतो. पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा दातेरी पट्टीवर वर-खाली होतात. त्या फिरवायचे हँडल वेगळे असते, ते नावेतून सोबत न्यावे लागते. वरची दारे ज्या दगडी उंबरठ्यावर टेकतात, तो कुंडात पुढे आलेला असतो. कुंड भरलेले असताना तो पाण्याखाली दडलेला असतो, हे कायम लक्षात ठेवा.

जोडदारे, म्हणजे एकाच टोकाला समोरासमोर बसवलेली दोन दारे, वरच्या प्रवाहाकडे टोक करून तिरकी मिटतात, म्हणून त्यांना कडी लागत नाही. पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरतो. या रचनेचे श्रेय सहसा लिओनार्दो दा विंचीला दिले जाते. तो मिलानच्या ड्यूककडे होता, तेव्हा 15व्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कालव्यांवर अशी दारे आली. दोन दारांमध्ये नाव कोंडण्याची कल्पना मात्र त्याहून पाचशे वर्षे जुनी आहे. चीनच्या महाकालव्यावर धान्याच्या नावा उतरणीवरून ओढताना फुटत आणि धान्याची चोरीही होई. म्हणून 984 मध्ये छ्याओ वेइयुए या अधिकाऱ्याने दोन दारांचा जलपाश बांधला. थेम्ससारख्या नद्यांवर पुढेही कित्येक शतके बंधाऱ्यातले एकच दार उघडत आणि नाव सुटलेल्या लोंढ्याबरोबर खाली सोडत. त्यात माणसेही दगावत.

वर जाताना

नाव खालच्या दारांपासून बरीच मागे थांबवा, कारण कुंड रिकामे होताना तिथे जोराचा प्रवाह येतो. एकाने हँडल घेऊन वर जावे आणि समोरून कोणी येते आहे का ते बघावे. येत असेल आणि कुंड भरलेले असेल, तर त्यांना आधी उतरू द्या. अडीच मीटर उंचीचे एक कुंड म्हणजे सुमारे 1 लाख 15 हजार लीटर पाणी, आणि ते एकदा खाली गेले की गेले.

वरची दारे आणि झडपा बंद आहेत याची खात्री करून खालच्या झडपा उचला. झडप वर राहावी म्हणून दात्यात खिटी बसते; ती बसली की हँडल लगेच काढून घ्या. खिटी निसटली तर दांड्यावर राहिलेले हँडल गरगर फिरते आणि मनगट मोडते.

पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी झाल्याशिवाय दाराशी झटू नका. दीड मीटर खोल पाण्यात फक्त 10 सेंटीमीटरचा फरक असला तरी कुंडाच्या पूर्ण रुंदीच्या एका दारावर 300 किलोहून जास्त भार असतो. पातळी जुळली की तेच दार पाठ टेकवून ढकलले तरी सरकते.

नाव सावकाश आत घ्या, दारे मिटा आणि खालच्या झडपा पाडा. वरच्या टोकाला आधी जमिनीतल्या झडपा, म्हणजे दारातून नव्हे तर जमिनीखालच्या नळातून कुंडात पाणी सोडणाऱ्या झडपा, उघडा, त्याही अर्ध्या. पाणी नावेच्या बुडाखालून मागे जाऊन परतते आणि नाव पुढे खेचली जाते. तिला दोराने किंवा इंजिनाने आवरा. पुढच्या टोकाची गादी दाराच्या आडव्या फळीखाली अडकत नाही ना, यावर नजर ठेवा. वरच्या दारांतच झडपा असतील, तर त्यांची भोके पाण्याखाली गेल्यावरच त्या उचला. आधी उचलल्यास पाण्याचा लोट थेट नावेत कोसळतो.

खाली उतरताना

क्रम हाच, पण उलटा: भरलेल्या कुंडात शिरा, वरची दारे आणि झडपा बंद करा, मग खालच्या झडपा उचला. धोका मात्र इथे जास्त आहे. पाणी उतरू लागले की दडलेला उंबरठा वर येतो. नाव फार मागे राहिली, तर सुकाणू किंवा मागचा भाग त्यावर टेकतो, पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि मिनिटाभरात नावेत पाणी शिरते. काठावर उंबरठ्याची हद्द दाखवणारी पांढरी रेघ असते. नावेचे मागचे टोक तिच्या पुढेच ठेवा आणि पुढचे टोकही खालच्या दारात अडकू देऊ नका.

दोर खुंट्याला गाठ मारून बांधू नका. एक वेढा घ्या, टोक हातात ठेवा आणि पाणी उतरेल तसा दोर सोडत जा. बांधलेली नाव दोरालाच लटकते आणि कलंडते. कुठेही काही अडकल्याची शंका आली, तर उघड्या असतील त्या झडपा ताबडतोब पाडा. उतरत असाल, तर त्यानंतर वरच्या झडपा हळूहळू उघडून नाव पुन्हा तरंगती करा. म्हणून झडपेपाशी एक माणूस कायम उभा हवा आणि सुकाणूवाल्याशी त्याची नजरानजर राहायला हवी.

पातळी शेवटच्या पाच-दहा सेंटीमीटरवर अडून राहिली, तर पलीकडची एखादी झडप अर्धवट उघडी असते किंवा दारे गळत असतात. झडपा तपासा आणि दाराला सतत दाब देत थांबा. दार पूर्ण मिटत नसेल, तर उंबरठ्याशी फांदी किंवा विटेचा तुकडा असतो. लांब काठीने तो बाजूला सारा, हात घालू नका. ओकची दारे साधारण 25 वर्षे टिकतात, पण नावेच्या धडका बसत राहिल्या तर लवकर गळू लागतात.

बाहेर पडल्यावर झडपा हँडलने फिरवत खाली आणा. नुसत्या सोडून दिल्या तर दाते तुटतात. प्रत्येक झडप तळाशी बसली का ते बघूनच निघा: दोन्ही टोकांची एकेक झडप उघडी राहिली, तर रात्रभरात कालव्याचा वरचा टप्पा ओसरतो आणि सकाळी तिथल्या नावा चिखलात टेकलेल्या असतात.