होडीतून दिसणारी नवी मुंबई कशी रंगवाल

मी कळव्यात चित्रकलेचे क्लास घेते. खाडीतून शहर काढायला सांगितलं की जवळपास सगळेच अर्धा कागद इमारतींनी भरून टाकतात. शहराला एक पट्टी पुरे, बाकी आभाळ नि पाणी.

ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला होड्या सुटतात, वेळ भरतीवर ठरते. जमल्यास दुपारनंतरची फेरी घ्या. नवी मुंबई पूर्वेच्या काठावर, त्यामुळे सकाळी ऊन तिच्या पाठीमागून येतं आणि टॉवर नुसते काळपट दिसतात. होडी हलते, तिथे रंग उघडू नका. पेन्सिलने काठ, टॉवरांचा क्रम आणि सावल्या टिपून घ्या.

काठाची रेघ कागदाच्या खालच्या तिसऱ्या भागात, अगदी आडवी. होडीत आपली नजर पाण्याच्या जेमतेम वर असते, म्हणून लांबच्या काठाची वळणं चपटी होऊन एका रेघेत येतात. नागमोडी काठ काढलात तर तो गच्चीवरून बघितल्यासारखा वाटेल.

आता डच चित्रकार व्हर्मीरचं डेल्फ्ट शहराचं चित्र मोबाइलवर मोठं करून बघा. साल १६६०-६१च्या सुमाराचं. डच ईस्ट इंडिया कंपनीची शाखा तिथे होती, व्यापार जोरात. पण याने बंदराची लगबग काढलीच नाही. उजवीकडे हेरिंग मासे पकडायच्या होड्या, अलीकडच्या काठावर मोजकी माणसं, बस्स. वरचा ढग गडद, पुढच्या वेशी सावलीत, आणि ऊन पडलंय ते मागच्या छपरांवर नि चर्चच्या मनोऱ्यावर. नजर आपसूक आत जाते. वेशीच्या बुरुजांची पाण्यातली प्रतिबिंबं त्याने नंतर लांबवली, हे क्ष-किरण तपासणीत दिसलंय.

आपल्याकडे पुढची सावली तिवरं देतात. जलरंगात आभाळ ओल्या कागदावर सोडा, वाळू द्या. टॉवर फिकट, काहींची उन्हाची बाजू कोरीच ठेवा. मग बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) नि अल्ट्रामरीन (गडद निळा) घट्ट कालवून तिवरांचा पट्टा एका दमात ओढा. खिडक्या काढत बसू नका, मी त्या पुसायला लावते.

पाणी निळं नको, खाडी गढूळ आहे. तेच दोन रंग पातळ करा. प्रतिबिंबं सरळ खाली ओढा: गडद वस्तूचं किंचित फिकट, उजळ वस्तूचं किंचित गडद. मग कोरड्या फ्लॅट ब्रशने दोन-तीन आडवे फटकारे.

फ्लेमिंगो हवेच असतील तर अगदी शेवटी, गुलाबी ठिपके म्हणून. चोच आणि पाय काढलेत की बघणारा शहर सोडून पक्षीच मोजत बसतो.